झेलीचा डावा घोटा

परवा एका मोठ्या घरात मला जेवणावळीला व्हायोलिन वाजवायला बोलावलं होतं. दिवाणखान्याच्या भिंतीवर ते चित्र. सोनेरी चौकट, वर गॅसचा दिवा, आणि समोर दोन बाया पंखे हलवत उभ्या. एक म्हणाली, "किती गोड आहे बाई. बुटाची फीत बांधतेय." दुसरी म्हणाली, "नाजूक. अगदी फुलपाखरू." माझ्या हातातला गज तारेवरच थबकला. फुलपाखरू म्हणे. त्या पोरीचा घोटा पावाच्या गोळ्यासारखा फुगला होता, आणि ती दातावर दात दाबून तो मुठीत धरून उभी होती. फीत कसली बांधते. पण त्या घरी कांद्याचं सूप फार छान करतात, म्हणून मी तोंड मिटून वाजवत राहिलो. सूप पोटात गेलं, राग मात्र अजून घशाशीच आहे. म्हणून लिहायला बसलो.

पॅरिसात मोंमार्त्रच्या चढावरच्या कुठल्याही गुत्त्यात विचारा, म्हाताऱ्या इसिदोरच्या बहुतेक गोष्टी थापा असतात असं सांगतील. खरंच आहे ते. मी सेन नदी बाटलीत भरून इंग्रजांना विकली होती, ही गोष्ट तर आता इतरही लोक स्वतःच्या नावावर सांगतात. या गोष्टीतही कुठे मीठ जास्त पडलं असेल तर खपवून घ्या. राग मात्र चिमूटभरही वाढवलेला नाही.

मी ऑपेराच्या नाचशाळेत व्हायोलिन वाजवायचो. पोरींनी दांडी धरून पाय उचलायचे, मी एकच चाल दळत बसायचं. त्या पोरींना सगळे उंदरंच म्हणायचे, कारण सतत काहीतरी कुरतडत असायच्या आणि जिन्यांवरून तुरुतुरु पळायच्या. वर्ग बोरगार मास्तरांचा. मास्तर एकेकाळी मोठे नाचणारे, आता गुडघे गेलेले, पण हातात काठी. त्या काठीचा ठोका असा की तो ऐकून नदीवरचे नावाडी वल्ही मारायचे, असं मी सांगतो आणि लोक मानतातही. भिंतीला लागून बाकावर आया. ऑपेराचा रिवाजच तो. पोरगी वर्गात तर आई बाकावर, विणकाम घेऊन. त्यांच्या जिभा इतक्या चालायच्या की हिवाळ्यात शेगडी पेटवावी लागत नसे.

आया कशासाठी बसायच्या ते सगळ्यांना माहीत होतं. ऑपेरात वर्षाची बैठक विकत घेतलेल्या धनिकांना रंगमंचाच्या मागे यायची मुभा होती. काळे कोट, उंच टोप्या, हातात छडी. पोरी पाय ताणत असायच्या आणि हे विंगेत उभे राहून बाजारात कोंबडी बघावी तसे बघायचे. जी पोरगी वार्षिक परीक्षेत पास होऊन पुढच्या रांगेत जाई, तिचा पगार तिच्या घराला पुरे. जी मागेच राही, तिच्यासाठी मागच्या दाराशी कोणाची तरी बग्गी उभी असायचीच.

झेली ग्रोजां मागच्या रांगेतली. सोळाची, काटकुळी, नाकावर वांग, आणि गिरकी अशी की भोवरा लाजेल. तिची आई, ग्रोजांबाई, दुई रस्त्यावर इस्त्रीवाली. बाईचे दंड माझ्या मांड्यांएवढे, आवाज धोब्याच्या बंबासारखा. नवरा नाही, दुसरं मूल नाही. झेलीची ती शेवटची परीक्षा होती. नापास झाली किंवा नाव गळलं, तर वयामुळे पुन्हा बसता येणार नव्हतं. आणि एक करड्या मिशांचा काळा कोट रोज तिच्या आईला वाकून नमस्कार करायला लागला होता. त्याचं नाव सांगत नाही, त्याचे नातू माझ्याच गल्लीत राहतात.

"बाई, मुलीच्या भवितव्याची काळजी करू नका," तो म्हणायचा. "परीक्षेत काही कमी-जास्त झालंच तर आम्ही आहोत."

"तुम्ही असणारच, साहेब," ग्रोजांबाई सुया न थांबवता म्हणायची. "गटारात पाणी असतं तसे."

कार्निव्हलच्या सुमारास रंगमंचावर जलपऱ्यांची तालीम चालू होती. फळ्यांमधलं, खाली उघडणारं चोरदार नीट बसलेलं नव्हतं, फळीची कड वर आलेली. झेली उडी मारून आली ती नेमकी त्या कडेवर. डावा पाय मुडपला. मी रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यातून पाहिलं. पोरीचा चेहरा चुन्यासारखा झाला, पण हसू जागच्या जागी. ऑपेरात आधी हसू शिकवतात, पाय नंतर.

मास्तरांचा नियम सगळ्यांना पाठ. दुखावलेली पोरगी परीक्षेला बसत नाही. नाव काढलं की काढलं. म्हणून ग्रोजांबाईने आपल्या धंद्यातली युक्ती काढली. जुन्या चादरीची लांब पट्टी फाडायची, दाट खळीत बुडवायची, गरम इस्त्रीखाली कडक करायची आणि घोट्याभोवती आवळून वरून मोजा चढवायचा. पोरीला तो पाय नव्हे, शर्टाची कॉलर असल्यासारखं वाटायचं. पण पाय धरून राहायचा. हे तिघांनाच ठाऊक: आई, लेक आणि मी. मला कळलं, कारण डाव्या पायावर यायची वेळ आली की झेली केसभर उशिरा येऊ लागली. मग मीही तिथे सूर केसभर ओढायला लागलो. मास्तरांच्या कानात केस वाढले होते, त्यामुळे निभावलं.

चौथा एक होता. तो आमच्या लक्षातच आला नाही.

देलांब्रसाहेब. चित्रकार. बुटका, लालसर दाढी, कायम पडसं झालेलं. बापाने पैसा ठेवलेला, त्यामुळे जिभेला लगाम नव्हता. मास्तरांची परवानगी घेऊन तो वर्गात येऊन कोपऱ्यात स्टुलावर बसायचा. आम्हाला वाटायचं, नाच काढतो. नाच सुरू झाला की हा मात्र पेन्सिल कानामागे ठेवून नाक शिंकरायचा. नाच थांबला, पोरी बाकावर पडल्या, कोणी पाठ खाजवली, कोणी जांभई दिली, की याची पेन्सिल सुरू. बाक, खुर्च्या, पाणी शिंपडायची झारी, आयांच्या टोप्या, सगळं काढायचा. एकदा त्याने मास्तरांच्या काठीकडे इतका वेळ पाहिलं की काठीलाच घाम फुटला. ही थाप नाही.

"साहेब, नाचताना का काढत नाही?" मी एकदा विचारलं.

"नाचताना त्या सगळ्या खोटं बोलतात," तो म्हणाला. "दमल्या की खरं बोलतात."

झेली त्याला फार खरं बोलताना दिसली असावी. त्याने तिला रविवारी आपल्या खोलीवर बोलावलं. ग्रोजांबाई सोबत गेली. शेगडीशेजारी बसायची, चिकोरीची गरम कॉफी प्यायची आणि पेंगायची. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं. तिला वाटलं, चेहरा काढतोय. तिच्या लेकीला तो काय म्हणायचा ते तिने पेंगताना ऐकलं होतं, पण अर्थ नंतर लागला. "वाक. हात तिथेच ठेव, जिथे दुखतंय. भार डाव्यावर टाक. अजून. आता हलू नकोस, रेघ सुंदर आलीय."

वसंतात देलांब्रच्या मंडळींचं प्रदर्शन भरलं. सरकारी प्रदर्शनातून हाकललेल्या किंवा स्वतःच रुसलेल्या चित्रकारांचं. बुलव्हारच्या रुंद रस्त्यावर एका इमारतीत पहिल्या मजल्यावर खोल्या भाड्याने घेतलेल्या. लोक तिकीट काढून हसायला जायचे. परीक्षा पुढच्याच मंगळवारी होती. गुरुवारी सकाळी इस्त्रीच्या दुकानात ग्रोजांबाईच्या जोडीदारणीने वर्तमानपत्र वाचून दाखवलं. मी मफलर घ्यायला आलो होतो, म्हणून हजर.

"ऐका गं," ती म्हणाली. "'देलांब्रसाहेबांना खुर्ची काढता येते, झारी काढता येते, माणसाचा घोटा मात्र काढता येत नाही. नाचशाळेच्या चित्रात कोपऱ्यातल्या मुलीच्या डाव्या पायाला घोट्याऐवजी पाव डकवला आहे. त्यांनी एखादं प्रेत उघडून पाहावं.'"

दुकानातल्या बाया हसून हसून इस्त्र्यांवर वाकल्या. ग्रोजांबाई हसली नाही. तिच्या इस्त्रीखाली कोणाच्या तरी शर्टाची छाती पिवळी होऊन जळाली.

"इसिदोर," ती म्हणाली, "कोट घाल."

"का?"

"तुझ्याकडे बरा कोट आहे. मला एकटीला आत घेणार नाहीत."

आम्ही गेलो. तिसऱ्या खोलीत गर्दी हसत होती, म्हणजे चित्र तिथेच. मोठा वर्ग, पिवळा उजेड, मागे मास्तर काठी टेकून, आया बाकावर. आणि पुढे कोपऱ्यात झेली. वाकलेली, दोन्ही हात घोट्याभोवती. चौकटीने तिची पाठ आणि अर्धं डोकं कापून टाकलेलं. पण घोटा पुरा होता. मोज्याखालून पट्टीची कड दिसत होती. पट्टीच्या वर मांस फुगून आलेलं, हिरवट सावलीचं. मला तर चित्राला वास येतोय असं वाटलं, खळीचा आणि घामाचा.

"माझी लेक अर्धी कापली मेल्याने," ग्रोजांबाई पुटपुटली. "आणि जे झाकायला मी रात्रंदिवस इस्त्री फिरवते, तेवढं अख्खं ठेवलं."

देलांब्र खोलीच्या मधोमध उभा होता, हातात ते वर्तमानपत्र चुरगाळलेलं. त्याच्या दाढीला आग लागल्यासारखी वाटत होती. आम्हाला पाहताच तो धावत आला.

"बरं झालं आलात, ग्रोजांबाई. रविवारी दुपारी झेलीला इथे घेऊन या. मोजा काढून. तो लिहिणारा गाढव येणार आहे, मी बोलावलंय त्याला. बोरगार मास्तरही येणार आहेत, तेही चित्रात आहेत ना. सगळ्यांसमोर पाय चित्राशेजारी ठेवायचा. मग बघू कोणाला घोटा काढता येत नाही."

ग्रोजांबाईने त्याच्याकडे पाहिलं. मी तिच्या दंडावर हात ठेवला, कारण तो वर येत होता.

"साहेब, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय?" ती हळू आवाजात म्हणाली. तिचा हळू आवाज म्हणजे इतरांची ओरड. "मंगळवारी परीक्षा आहे. मास्तरांनी हा पाय पाहिला तर पोरीचं नाव गेलं. नाव गेलं तर ती बग्गीत गेली. लोक म्हणतात तुम्हाला घोटा काढता येत नाही, तर म्हणू द्या की. हो म्हणा. चुकलं म्हणा. माझ्या लेकीचं आयुष्य आहे ते."

"माझं काय आहे मग?" तो म्हणाला. "मी आयुष्यात एक रेघ खोटी मारलेली नाही. जसा होता तसा काढलाय. मी चुकलो म्हणू?"

"तुम्ही पाहिलंत."

"पाहिलंच. माझं कामच ते."

"पाहून काय केलंत?"

त्याने नाक शिंकरलं. मग म्हणाला, "काढलं."

"काढलं," ग्रोजांबाई म्हणाली. "आम्ही इस्त्रीवाल्या बाया कपड्यावर डाग पाहिला की धुतो. तुम्ही चौकट लावता. आणि वर पोरीला सांगत होतात, भार डाव्यावर टाक. मी झोपले होते, मेले नव्हते."

"बाई, आवाज खाली. हे प्रदर्शन आहे."

"म्हणूनच तर बोलते. इथे सगळं दाखवायलाच ठेवलंय ना?"

तिकीटवाल्याने आम्हाला बाहेर काढलं. मला वाटतं त्याला तीन माणसं लागली. मी सांगताना पाच सांगतो.

रविवारी सकाळी तिने झेलीला खोलीत कोंडलं, बाहेरून कडी लावली आणि मला घेऊन निघाली. तिचा बेत साधा होता. सगळ्यांसमोर ओरडून सांगायचं की माझ्या लेकीचे पाय राजकन्येसारखे आहेत आणि या माणसाला काही येत नाही. गर्दी तिच्या बाजूने हसणार, मास्तरही हसणार, आणि विषय संपणार.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. तो लिहिणारा आला होता. गुळगुळीत चेहरा, जांभळे हातमोजे. मास्तर आले होते आणि चित्रातल्या स्वतःकडे बघण्यात गुंग होते. "पोट जरा जास्त काढलंय," ते म्हणत होते. "बाकी काठी उत्तम." घोट्याकडे अजून त्यांचं लक्ष गेलेलं नव्हतं. करड्या मिशांचा काळा कोटही होता, अर्थात.

ग्रोजांबाईने कंबरेवर हात ठेवले. "बघा हो बघा," ती म्हणाली. "माझ्या झेलीचा पाय म्हणे हा. या साहेबांनी डुकराचा पाय खाटकाकडून आणला असेल आणि तो बघून काढलाय. माझ्या पोरीचे घोटे असे बारीक, की माझी बांगडी चढते."

लोक हसले. जांभळे हातमोजेवाला सगळ्यात जास्त हसला. "ऐकलंत, देलांब्र? मुलीची आईच सांगतेय."

देलांब्रचा चेहरा बिटासारखा झाला. मास्तरांनी तेव्हा कुठे चष्मा लावला आणि वाकून घोटा पाहिला. बराच वेळ पाहिला. हसू त्यांच्या तोंडावरून उतरलं. पन्नास वर्षं घोट्यांत घालवलेला माणूस. सूज ओळखणं त्याला ओठांत विडी फिरवण्याइतकं सोपं.

"देलांब्र," ते म्हणाले, "हा पाय तुम्ही मुलीच्या पायावरून काढलात की मनाने?"

ग्रोजांबाईने देलांब्रकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या बाईच्या डोळ्यांत तेव्हा जे होतं ते पाहून दगडही खोटं बोलला असता. देलांब्रने तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं.

"मनाने मी काही काढत नाही," तो म्हणाला.

ग्रोजांबाईने एक आवाज केला. तो मला अजून ऐकू येतो. शब्द नव्हता तो.

"मग मुलगी कुठे आहे?" मास्तर म्हणाले.

"इथे," मागून कोणीतरी म्हणालं.

झेली दारात उभी होती. घरातल्या चपला, अंगावर आईची शाल, हातभर कोळशाची काजळी. खिडकीतून कोळसेवाल्याच्या शिडीवरून उतरली होती; मी लोकांना सांगतो की पागोळीवरून नाचत आली, पण लंगडतच आली होती बिचारी. गर्दी बाजूला झाली. ती चित्रापाशी गेली. त्या अर्ध्या कापलेल्या स्वतःकडे तिने क्षणभर पाहिलं. मग बाकावर बसली, मोजा खाली ओढला आणि खळीची पट्टी सोडायला लागली. पट्टी कडक झालेली, निघताना कातडीला ओढत होती.

"झेली, नको," आई म्हणाली.

"आई, तू गप्प बस गं. तूही गप्प बसा, साहेब," ती देलांब्रला म्हणाली, रागात 'तू' आणि 'तुम्ही' एकत्र करून. "दोघं माझ्या पायावरून भांडताय, जणू मी तो घरी ठेवून आलेय."

पाय उघडा झाला. चित्रात होता त्याहून वाईट. देलांब्रने हिरव्यात जांभळा कमीच घातला होता. कोणी हसलं नाही. जांभळ्या हातमोज्याने रुमाल नाकाला लावला.

"हा तो पाय," झेली म्हणाली. "यांनी बरोबर काढलाय. यांना घोटा काढता येतो. बास, झालं समाधान? आता माझं ऐका. मास्तर, कार्निव्हलपासून मी याच पायावर तुमच्यासमोर नाचतेय. रोज. तुम्ही माझ्यापासून हातभर अंतरावर काठी आपटत असता. तुम्हाला दिसलं नाही. का? कारण मी हसत होते आणि तुम्ही हसू मोजत होता. या साहेबांना दिसलं, कारण ते कोपऱ्यात बसून हेच शोधत होते. दिसल्यावर यांनी काय केलं? मला म्हणाले, भार त्याच पायावर टाक, रेघ चांगली येते. मी टाकला, कारण मला वाटलं साहेब मोठे, त्यांना कळत असेल. आणि ते काळे कोटवाले तिकडे," तिने बोट केलं, "ते तर फक्त पाय मोडायचीच वाट बघतायत."

करड्या मिशांनी छडीची मूठ न्याहाळायला सुरुवात केली.

मास्तर ताठ झाले. "मुली, नियम तुला माहीत आहे. दुखावलेल्या पायाने परीक्षा नाही. मी उद्याच..."

"एक मिनिट," जांभळे हातमोजेवाला म्हणाला. त्याने वही काढली होती. त्याला आता घोट्यापेक्षा मोठी शिकार दिसत होती. "म्हणजे, बोरगार मास्तर, ऑपेराचा नृत्यगुरू एवढे दिवस हे बघू शकला नाही? जे एका चित्रकाराला दिसलं, ते? हे छापलं तर चालेल ना?"

आता मास्तरांबद्दल एक गोष्ट सांगतो. त्यांनी आयुष्यात कधी 'मला माहीत नव्हतं' असं म्हटलेलं नाही. एकदा चालू वर्गात छताचा गिलावा कोसळला तेव्हाही ते म्हणाले होते, की मी वाटच बघत होतो. सवय रक्तात गेलेली. त्यांची हनुवटी वर आली, काठी फरशीवर टेकली.

"बघू शकला नाही?" ते म्हणाले. "साहेब, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तिची चिकाटी पारखत होतो."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं. मी त्यांचा चेहरा पाहिला. माशाचा काटा घशात अडकल्यावर होतो तसा.

"वा," झेली म्हणाली. "माहीत असूनही तुम्ही मला रोज नाचवलंत. म्हणजे पाय चालतो असंच तुमचं मत. मग मंगळवारच्या परीक्षेतून नाव काढायचं कारण काय?"

वही उघडीच होती, पेन्सिल थांबलेली. मास्तरांनी वहीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, मग चित्रातल्या स्वतःच्या पोटाकडे.

"कोण म्हणालं नाव काढणार?" ते म्हणाले. "मंगळवारी वेळेवर ये." आणि काठी आपटत निघून गेले.

ग्रोजांबाईने लेकीला मिठी मारली आणि लगेच पाठीत धपाटाही घातला. "कार्टे, शिडीवरून पडली असतीस तर."

मंगळवारी परीक्षा. रिकामं सभागृह, मेणबत्त्या, पुढच्या रांगेत संचालक आणि परीक्षक, त्यांत मास्तर. मी खड्ड्यात. सुरू होण्याआधी झेली कडेला आली आणि वाकली.

"काका," ती म्हणाली, "आज सूर ओढलात तर ते व्हायोलिन तुमच्या डोक्यात घालीन. नेहमीच्याच वेगात वाजवा. मास्तर कान लावून बसलेत."

"पोरी, मरशील."

"मग शेवटची चाल तरी बरोबर वाजवली असं होईल."

मास्तर कान लावून बसले होते खरे. नुसते कान लावून ते थांबले नाहीत. काठी घेऊन ठेका द्यायला लागले, आणि ठेका नेहमीपेक्षा चढा. सूड होता तो, साधा, म्हाताऱ्या माणसाचा. मी दात खाल्ले, पण गज त्यांच्या ठोक्याला बांधलेला. मी वाजवत गेलो. ती नाचत गेली. डाव्या पायावर यायची जागा आली, मी डोळे मिटले, आणि फळीवर पाय पडल्याचा आवाज ठोक्यावर अचूक आला. परत आला. परत आला. मी डोळे उघडले. तिच्या तोंडावर हसू नव्हतं. पहिल्यांदाच कोणीतरी त्या रंगमंचावर न हसता नाचत होतं, आणि ती सरळ मास्तरांकडे बघत होती. एखाद्याचे कपडे वाळत घालताना बाई जसं त्याच्याकडे बघते, सगळं माहीत असल्यासारखं. शेवटच्या गिरकीला मास्तरांची काठीच मागे पडली.

संचालक म्हणाले, "हसत का नाही ही?"

"साहेब," मास्तर म्हणाले, आवाज तोच, काटा अडकलेला, "पुढच्या रांगेत हसायची सक्ती नसते." मग खाली बघून म्हणाले, "पास."

मी व्हायोलिन तिथेच टाकून विंगेत धावलो. झेली दोरखंडांच्या ढिगावर पडली होती. ग्रोजांबाई कात्रीने मोजा कापत होती, आणि तिच्या तोंडातून अशा शिव्या येत होत्या की पडद्यांचे रंग उडाले. काळा कोट दूर उभा होता. बाईने कात्री त्याच्या दिशेने नुसती उचलली आणि तो परत कधी त्या विंगेत दिसला नाही. पट्टी निघाली. पाय बघून मी मफलर काढला आणि घडी करून तिच्या टाचेखाली ठेवला.

देलांब्र तिथे होता. कसा आत आला कोण जाणे. तो ढिगापासून दोन पावलांवर उभा होता, डोळे त्या पायावर, चेहरा उपाशी माणसासारखा. आणि त्याच्या हातात वही होती. पेन्सिल चालू होती.

ग्रोजांबाई उठायला लागली. झेलीने आईचा हात धरला. मग तिने स्वतःच वर हात केला, देलांब्रच्या बोटांमधून पेन्सिल ओढली आणि मांडीवर ठेवली.

"काय करतेस?" तो म्हणाला. "ती रेघ जाईल. उजेड बदलेल."

"जाऊ दे," ती म्हणाली. "आज पाहिलंत ना? मग मागच्या दाराने खाली जा. चौकातून उजवीकडे, औषधाच्या दुकानावर डॉक्टर राहतो. त्याला घेऊन या. पेन्सिल तोवर माझ्याकडे."

तो उभा राहिला. पॅरिसमधला सगळ्यात ताठ माणूस. मंत्र्यांच्या बायकांना उलट उत्तरं देणारा. त्याने पेन्सिलकडे पाहिलं. मग घोट्याकडे. मला वाटलं आता स्फोट होतो. त्याने वही बंद केली, माझ्या हातात कोंबली, आणि जिन्याकडे निघाला. आधी चालत. मग, टोपी विसरून, धावत.

"वेगाने," झेली मागून ओरडली. "सूर ओढू नका."